खालून कापलेली बातमी

रविवार, ११ फेब्रुवारी

प्रिय शंकोबा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. उत्तराला पाच दिवस लावले, त्याबद्दल आधीच कान पकडतो. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमी, असं तुझी मामी म्हणते. तू गॅलरीत लावलेलं लिंबाचं रोप कमरेएवढं झालंय, फळाचा मात्र पत्ता नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, दृष्ट लागली असेल, फडकं बांधा. मी म्हटलं, बांधतो, पण तुमच्या लिंबाला बांधायचं नाही, म्हणजे दोन्हीत काही फरक पडतो का ते कळेल. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

हे तुला हसू यावं म्हणून लिहिलं. पुढे हसण्यासारखं काही नाही.

तुझं शंकोबा हे नाव कसं पडलं ते तुला आठवत असेलच. घरात शीळ घातली की साप येतो असं कोणीतरी सांगितलं, तेव्हा तू सात वर्षांची होतीस. दुपारभर दारात बसून शीळ घालत राहिलीस आणि संध्याकाळी वहीत लिहिलंस, ‘साप: शून्य.’ तुझी आई ती वही घेऊन माझ्याकडे आली होती. म्हणाली, दादा, ही तुझीच शिष्या, आता तूच सांभाळ. मग मी तुला तीन प्रश्न शिकवले. कोणी पाहिलं, किती वेळा पाहिलं, कशावर पाहिलं. तू ते आता तुझ्या वर्गातल्या मुलांना शिकवतेस, फळ्यावर कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवलेस, हे वाचून मला जे वाटलं ते इथे लिहिता येत नाही.

पालकांसमोर तू बोलणार आहेस, आरोग्याच्या बातम्या कशा वाचाव्यात यावर, आणि आईची गोष्ट सांगणार आहेस. जरूर सांग. मला तू एक काम दिलंस. बाबांनी ज्या बातमीवरून आईला तो पाल्याचा रस पाजला ती कुठल्या पेपरात आली, कोणी लिहिली, ते शोधून दे. ‘त्या माणसाचं नाव मला सगळ्यांसमोर घ्यायचंय.’ आणि खाली लिहिलंस की बाबांना विचारणार नाहीस, कारण त्यांच्याशी बोलण्यासारखं तुझ्याकडे काही उरलेलं नाही.

शोधायला वेळ लागला नाही. ती बातमी आमच्याच पेपरात लागली होती. गुरुवारी, आरोग्याच्या पानावर.

बघ, ‘लागली होती’ म्हणालो. आमच्या धंद्यात चुका नेहमी आपोआप होतात. बातमी लागते, मथळा बदलला जातो, मजकूर कमी होतो. करणारा कोणी नसतोच. सव्वीस वर्षं मी अशी वाक्यं दुसऱ्यांच्या मजकुरातून खोडत आलो. तेव्हा नीट लिहितो. ते पान माझं होतं. बातमी मी लावली. मथळा मी दिला.

बातमी मुळात वाईट नव्हती. बाहेरून आलेली, एका प्रयोगशाळेतल्या कामाची. एका रानवेलीच्या पानांचा रस उंदरांना दिला आणि त्यांच्या गाठी लहान झाल्या. मी मथळा केला होता, ‘उंदरांवरील प्रयोगात रानवेलीच्या रसाने गाठ आकसली.’ तीन कॉलमांत छान बसला होता. दुपारी चार वाजता गाद्यांची जाहिरात आली आणि माझे तीन कॉलम दोन झाले. मथळा मावेना. पान लावणारा म्हणाला, साहेब, दोन शब्द काढा. मी वाचून पाहिलं आणि म्हटलं, उंदीर बिळात घाला. तो हसला, मीही हसलो, आणि पहिले दोन शब्द गेले. राहिलं ते, ‘रानवेलीच्या रसाने गाठ आकसली.’

मजकूरही लांब होता. तुला ठाऊक आहे, बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली, जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद काढायचा. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मीच हे शिकवतो. शेवटच्या परिच्छेदात होतं की हा रस माणसांना देऊन पाहिलेला नाही, आणि कोणीही चालू उपचार थांबवू नयेत. तो गेला. वजनाच्या किलोमागे किती रस दिला तो आकडा वर होता, म्हणून तो राहिला.

बाजूच्याच कॉलमात माझं सदर होतं, ‘तपासून पाहू’. त्या गुरुवारी मी चुंबकाच्या कड्यांनी सांधे बरे करणाऱ्याची सालं काढली होती. वाचकांची चार कौतुकाची पत्रं आली.

तुझ्या आईच्या ऑपरेशनची तारीख तेव्हा नऊ दिवसांवर होती.

इथवर लिहून मी उठलो, चहाचं आधण ठेवलं, पाणी उकळून आटलं तरी उभा होतो. आता जे लिहायचं ते मी सव्वा वर्ष टाळलंय.

तू समजतेस की ऑपरेशन बाबांनी पुढे ढकलायला लावलं. तुला तसं बाबांनीच सांगितलं. ते खरं नाही. त्यांनी बॅग भरून दारामागे ठेवली होती, दुकानाला सुट्टीची पाटी लिहून ठेवली होती. सुरीला घाबरत होती ती तुझी आई. लहानपणी पायातला काटा काढायला सुद्धा ती मला पायाला हात लावू देत नसे. तिने ती बातमी वाचली आणि म्हणाली, आधी हे करून पाहू, दादाच्या पानावर आलंय. हे मला तिनेच सांगितलं, दवाखान्यात, अगदी शेवटी. मला म्हणाली, ‘त्यांना काही बोलू नकोस. ते नकोच म्हणत होते. मीच हट्ट केला.’ मी तिचा हात धरून बसलो होतो. मी तिला सांगायला हवं होतं की तो मथळा माझा. ती मला माफ करून टाकेल याची मला खात्री होती, आणि तेच मला सोसलं नसतं. मी तिच्या उशीची खोळ सारखी करत बसलो.

मग ती गेल्यावर चौथ्या दिवशीचं स्वयंपाकघर. तू ओट्याला टेकून उभी, बाबा स्टुलावर. तू म्हणालीस, ‘मामानं जन्मभर शिकवलं, बाबा. तुम्ही त्यातलं एक अक्षर शिकला नाहीत.’ बाबांनी मान खाली घातली. मी दारात उभा होतो, दोन्ही हातांत कपबशा. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा ठेवल्या आणि गॅलरीत गेलो. दुसऱ्या दिवशी तू घर सोडलंस.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या दुकानात गेलो होतो. चष्म्याच्या काचा अजून स्वतःच घासतात, हात अजून स्थिर आहे. केस मात्र सगळे पांढरे झालेत. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी खणातून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. शंकोबा, ती वही तू बघायला हवीस. काचेची जाडी मोजतात त्या यंत्राने ते दर रविवारी आईची गाठ मोजत होते. अकरा रविवार. तारीख, वेळ, जाडी, किती रस दिला. ‘मोजल्याशिवाय बोलायचं नाही’ हे माझंच वाक्य त्यांनी पहिल्या पानावर लिहिलंय, माझ्या नावासकट. तू म्हणालीस ते एक अक्षर शिकले नाहीत. त्यांनी अक्षर न् अक्षर पाळलं होतं.

पहिले चार रविवार आकडा कमी होत गेलाय. मग थांबला, मग वाढला. त्या पहिल्या चार आकड्यांवर बोट ठेवून ते मला म्हणाले, ‘दादा, मी जोरात दाबत होतो का हो? कमी व्हावं म्हणून?’

मला याचं उत्तर माहीत आहे. ज्याला हवं असतं त्याचा हात दाबतोच, म्हणून तर मोजणारा माणूस परका लागतो, हे मी सदरात दोनदा लिहिलंय. तिथे मी म्हणालो, तसं काही सांगता येत नाही. त्यांनी वही मिटली.

मग मी धीर करून म्हटलं की आता पोरीला खरं सांगून टाकतो. तर ते माझ्यावर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. ‘काही सांगायचं नाही. माझ्यावर रागावलीय, चालेल. तुमच्यावरचा विश्वास गेला तर तिच्या हातात काय राहील?’ आणि काच घासायला बसले. मी तिथेही गप्प बसलो, कारण मला ते सोयीचं होतं. महिनाभर स्वतःला सांगत राहिलो की बाबांनी शपथ घातल्यासारखं आहे, आपण काय करणार. मग तुझं पत्र आलं.

आता फक्त एक राहिलं. सगळं लिहून झालं तरी माझा हात तिकडे वळत नाहीये. उंदीर, मथळा, शेवटचा परिच्छेद, हे सांगणं त्या मानाने सोपं होतं. ते कोणाच्याही हातून होईल, आणि त्यात मला तुझ्या आईचा चेहरा दिसत नव्हता.

बातमी आली त्याच दिवशी दुपारी बाबांनी मला ऑफिसात फोन केला होता. दुसऱ्या दिवसाचं पान छपाईला जायला वीस मिनिटं होती. ते म्हणाले, ‘दादा, एक विचारायचं होतं. ती गाठीची बातमी. ती खरी आहे ना?’ मी फोन खांद्याला दाबून धरला होता आणि हाताने मजकूर कापत होतो. मी म्हटलं, ‘अहो जावईबापू, छापलीय ना? तपासल्याशिवाय आम्ही छापत नाही.’ ते म्हणाले, ‘नाही, ही म्हणतेय की...’ मी म्हटलं, संध्याकाळी बोलू. आणि ठेवला. संध्याकाळी मी विसरलो. त्यांनी परत केला नाही. एकदा विचारून घेतलं होतं आणि उत्तर मिळालं होतं.

त्यांनी विचारलं होतं. जे तू पालकांना करायला सांगणार आहेस तेच. बातमी वाचून डोळे मिटून विश्वास ठेवला नाही, ज्याला कळतं त्याला विचारलं. कोणी पाहिलं, कशावर पाहिलं, हे त्यांना विचारायचं होतं. ज्याला कळतं त्याने वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

आईला गाठ आहे हे मला ठाऊक होतं. ऑपरेशनची तारीख ठाऊक होती. तरी तो प्रश्न तिच्याबद्दल आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. की आलं होतं आणि पान जायची घाई होती? मी खूपदा तो फोन आठवून पाहिलाय आणि आता मला खात्रीने सांगता येत नाही. जे आठवावंसं वाटतं तेच आठवत असेल.

मी एका गोष्टीचा आडोसा घेऊन जगलो. डॉक्टरांना मी विचारलं होतं, अकरा आठवड्यांनी किती फरक पडला. ते म्हणाले, एकट्या माणसाबद्दल असं सांगता येत नाही. पडला असेल, नसेलही. ते बरोबरच आहे. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी हजारदा लिहिलंय. पण ती उदाहरण नव्हती गं. ती माझी धाकटी बहीण होती, आणि माझ्या पानावर आलं म्हणून तिने ते खरं मानलं.

मला ती फार आठवते. सकाळी पेपर हातात आला की तिचा फोन यायचा, दादा, आज कोणाची सालं काढलीस. त्या वेळेला मी अजून फोनजवळ जाऊन बसतो.

सदर मी बंद केलंय. संपादकांना कारण लिहून दिलंय, आणि त्या मथळ्याची दुरुस्ती छापा असंही. ते म्हणतात, इतकी जुनी गोष्ट आता कोण वाचणार. मी म्हटलं, एक जण वाचेल.

माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. मी वाट बघेन, पण तुला घाई नाही. बाबांना मात्र फार थांबवू नकोस. ते दुकान सहाला बंद करतात आणि साडेसहापर्यंत फोन समोर ठेवून तिथेच बसून राहतात. मी रस्त्यावरून पाहिलंय. एकदा नाही, कितीतरी वेळा.

पालकांसमोर माझं नाव घे. पेपरचंही घे. तुला वीस मिनिटं दिलीत म्हणालीस, तेवढ्यात एवढं सगळं मावायचं नाही. कापावं लागेल. शीळ काढून टाक, लिंबू काढ, माझा गुडघा काढ, माझं रडगाणं सगळं काढ. फक्त या वेळी खालून कापू नकोस. शेवटची ओळ राहू दे.

तुझ्या बाबांनी विचारलं होतं.

मामा