दहीभातातली मिरची

आईले अमरावतीहून कल्याणीचा नमस्कार.

मी बरी आहो, डबा चांगला मिळते. तुले रात्री झोप लागते ना?

आमच्या मानसशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, माणूस नावं विसरते, पण सवयी मनात वेगळ्या जागी टिकतात. तत्त्वज्ञानाच्या सरांनी इचारलं, "नावं गेल्यावर उरते तो कोण?"

मले आपले आबा दिसले. कापूस वेचायच्या आधी वावरात सीतादहीची पूजा झाली अन् दहीभाताचा परसाद वाटला, तवा त्यायनं मले इचारलं, "तू कोणाची वं, बाई?" अन् इचारता इचारता माझ्या दहीभातातली मिरची काढून टाकली, मी लहान होती तेव्हासारखी.

मन इतकं खोल असते, आई! मले नुसतं नवल वाटून राहिलं.

त्यायच्याकडून माझं नाव घोकून घेऊ नको. अन् मले आता तिखट चालते, हे त्यायले सांगू नको.

तुही,
कल्याणी