आभाळाला मेढ नाही

कामठा, १२ डिसेंबर २००३

चि. धनेंद्र यास मायचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही बरे नाही, म्हणून सारं ठीक असं लिहीत नाही. तू पुण्याहून आभाळाची शिकवण लिहून धाडली, ती तुझ्या बहिणीनं, ओमेश्वरीनं, तुझ्या बाबूजींले वाचून दाखवली. पृथ्वी एका सेकंदात पावणेचारशे किलोमीटर पळते म्हणे. दुसऱ्या दिवसापासून बाबूजी खाट धरून पडले. घर फिरून राहिलं म्हणतात, खाल्लं की उलटी. असं कायले लिहितो रे? धान पिकवणाऱ्याले पळती जमीन सांगतात का?

शेवटी खाट खळ्यात नेली आन् मधल्या खांबाले, मेढीले बांधली. बैल भोवती फिरतात, मेढ हलत नाही, एवढं मले समजते. तुझ्या आभाळात अशी मेढ कुठं आहे ते लवकर लिही. केशोरावच्या दुकानातला फोन बंद आहे. मी भ्याली आहे. ओमेश्वरीले कळू देऊ नको.

तुझी माय, फुलवंता


पुणे, १७ डिसेंबर २००३

ती. मायस शि. सा. न.

आभाळाला मेढ नाही, माय. विश्व नवं होतं तेव्हाची ऊब अजून सगळीकडून येते, विझलेल्या चुलीची यावी तशी. आपण जातो त्या बाजूची ऊब केसभर जास्त लागते, मागची केसभर कमी. त्यावरून आपली चाल मोजता येते, इतकंच. निसर्गाचे नियम त्या उबेला काही वेगळा मान देत नाहीत, म्हणून तीही मेढ नव्हे.

पण माझ्या पत्रानं कुणी आजारी पडत नाही. हे दुखणं आहे. दोर सोड, बाबूजींना आजच गोंदियाला ने. मी सुटी मागितली आहे.

तुझ्या शिव्यांचा भुकेला,
धनेंद्र


गोंदिया, २१ डिसेंबर २००३

चि. धनेंद्र यास आशीर्वाद.

दवाखान्यातून लिहून राहिली. तुझ्या होस्टेलात फोन केला, तू नव्हता. निरोपावर माझा भरोसा नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबूजींची खाट मेढीलेच बांधली होती. दोर सोडाले गेली तर त्यांचं तोंड वाकडं. शेजारच्या चंद्रकुमारनं ट्रॅक्टरवर आणलं. डॉक्टर म्हणे मेंदूची नस तुंबली आहे, आधी काऊन नाही आणलं? मी म्हटलं, पोराचं पत्र लागलं असं वाटलं.

बाबूजी बोलत नाहीत. डावा हात धरून बसली होती, तो थंड पडला आहे. उजवा गरम आहे. तूच लिहिलं, जिकडं जाणं असते ती बाजू गरम लागते. म्हणजे मी मागं बसली होती. म्हणून उठली आन् उजव्या बाजूले येऊन बसली. जातील तर माझ्या अंगावरून जातील.

सुटीची वाट पाहू नको. तसाच निघ, माया इथं आल्यावर दाखव.

तुझी माय