वडील हयात असताना

६ ऑक्टोबर

झाले एकदाचे पंतप्रधान! संसदेने हात वर केले, अध्यक्षांनी सही केली, आणि धरणावर टर्बाइन दुरुस्त करणारा माझा नवरा देशाचं सरकार चालवायला निघाला. आधी इंजिनिअर, मग वीज खातं, मग उपमंत्री, मग मंत्री. प्रत्येक वेळी म्हणायचे, 'ही शेवटची पायरी, झूरा.' आजही तेच म्हणाले! मी इस्त्री करत होते, करत राहिले.

इथे नाव लिहायला हात धजत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही सासूबाईंनी लावलेली सवय. सगळा देश ओमोरझाक, ओमोरझाक करतोय, आणि मी आपली 'हे'.

सरकारी बंगल्यात जायचंय. गालिचे मी गुंडाळलेलेच ठेवणार. आपल्याकडे पंतप्रधानपद म्हणजे औटघटकेचं राज्य. आधीचे तुरुंगात आहेत, त्यांच्या आधीचे परदेशात. यांना म्हटलं तर हसले. 'मी कुठला परदेशात जातोय? मला भाषा येत नाहीत.' म्हणजे मग उरलं काय? हे मात्र विचारलं नाही.

१९ ऑक्टोबर

धरणात पाणी कमी. हिवाळ्यात वीज पुरणार नाही, तासातासाने बंद ठेवावी लागेल, असं यांनी टीव्हीवर सरळ सांगून टाकलं. अध्यक्षांच्या कचेरीतून फोन — 'हे आत्ताच सांगायची काय गरज होती?' हे म्हणाले, 'दिवे गेल्यावर सांगितलं असतं तर टीव्ही कुणी पाहिला असता?'

मी शाळेत शिकवणं सोडलेलं नाही. शिपाई मात्र आता माझी पिशवी धरायला धावतो. ओढाताणीत आज लोणच्याची बरणी फुटली.

२ नोव्हेंबर

आजचं लिहू नये असं वाटतंय, म्हणूनच लिहिते.

डोंगरापलीकडच्या एका जिल्ह्यात छोट्या वीजकेंद्राचं उद्घाटन होतं. मग जेवण. मी टीव्हीवर बघत होते. तिथला जिल्हाप्रमुख — लाळघोट्या मेला! — त्याने मानाचं म्हणून मेंढ्याचं अख्खं डोकं ताटात घालून यांच्यापुढे ठेवलं. आणि यांनी सुरी उचलली! शेजारच्या पाहुण्याला पाण्याचा दाब समजावत होते, बोलता बोलता कान कापला आणि जवळच्या एका पोराला दिला. पद्धतशीर. जणू रोजचंच.

अहो, वडील हयात असलेल्या माणसाने डोकं घ्यायचं नसतं! ताटाला हात लावायचा, मान तुकवायची आणि वयाने मोठा असेल त्याच्याकडे सरकवायचं. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डोकं घेतलं म्हणजे चारचौघांत जाहीर केलं, की माझे वडील गेले. आणि अताके — माझे सासरे — गावी टीव्हीसमोर बसलेले. बातम्या त्यांनी कधी चुकवल्या नाहीत.

रात्री आले ते टोपी हातात घेऊनच.

'झूरा, मी हे काय केलं?'

'लक्षात कधी आलं?'

'निम्म्या घाटात.'

'फोन केलात?'

'केला. उचलत नाहीत.'

जेवले नाहीत. मला रागही आला आणि कीवही.

५ नोव्हेंबर

व्हायचं ते झालं. गावाहून शेजारणीचा, अनारकुलचा फोन. पलीकडच्या खोऱ्यातला अताकेंचा एक जुना दोस्त, बिचाऱ्याने टीव्ही पाहिला आणि खरंच समजला! घोड्यावर बसला आणि निघाला. मयताच्या घरी आपले पुरुष जसे जातात तसाच — लांबूनच गळा काढून, 'माझ्या भावा, माझ्या डोंगरा' करत, खोगिरावर डोलत. अख्खं गाव बाहेर आलं. आणि अताके फाटकात उभे राहून गवत रचत होते!

दोघे म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले म्हणे. मग अताकेंनी घोड्याचा लगाम धरला. 'उतर. एवढा रडलास, दमला असशील.' चहा पाजला, जेवू घातलं, मुक्काम करवला.

अनारकुल सांगताना हसत होती. मीही हसले, आणि फोन ठेवल्यावर रडू आलं.

८ नोव्हेंबर

अताके आले! न कळवता, मिनीबसने. बंगल्याच्या फाटकावर शिपायांनी अडवलं. 'आजोबा, तुम्ही कोण?'

'पंतप्रधानांचा मयत बाप.'

शिपायाचा चेहरा काय झाला असेल! मी धावत गेले. पांढरी फेल्टची टोपी, नवा कोट, हातात सुक्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी. 'सूनबाई, तुझ्यासाठी आणल्यात. दुसऱ्या कुणासाठी नाहीत.'

संध्याकाळी हे आले, दारातच वाकले. 'अताके, चुकलं माझं.' अताकेंनी चहाची वाटी माझ्याकडे केली. 'सूनबाई, याला सांग, मेलेली माणसं बोलत नसतात.'

जेवण झाल्यावर त्यांनी हात पसरले, आम्हीही पसरले. माझ्यासाठी दुआ मागितली, माझ्या शाळेतल्या मुलांसाठी, ड्रायव्हरसाठी, फाटकावरच्या त्या शिपायासाठीसुद्धा. यांचं नाव नाही. 'ओमीन' म्हणून दुआ संपवली, तोंडावरून हात फिरवला आणि उठले. हे पसरलेल्या हातांकडे बघत तसेच बसले. आजवर कुठलंही काम यांनी अताकेंच्या दुआशिवाय सुरू केलेलं नाही. धरणावरची पहिली नोकरीसुद्धा.

१४ नोव्हेंबर

दिवे जायला लागले. लोक वैतागलेत, आणि वैतागलेल्या माणसाला वाक्य लागतं. ते मेदेरने पुरवलं. हा विरोधकांचा म्होरक्या, गोरागोमटा, बोलायला गोड. संसदेत म्हणाला, 'ज्याने बापाला जिवंतपणी पुरलं, तो देशाला काय उजेड देणार?' झालं! बाजारात, बसमध्ये, सगळीकडे तेच. पाण्याची पातळी कुणी विचारत नाही. आज माझ्या वर्गात दिवे गेले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं आणि सगळे खिदळले. मी न ऐकल्यासारखं केलं.

अताके इथेच राहिलेत; ते आणि हे एकाच टेबलावर जेवतात. मधे मी, दुभाषी!

'सूनबाई, याला सांग, मीठ दे.'

मीठ यांच्या हाताशी. हे देतात. अताके मला म्हणतात, 'आभार.'

२१ नोव्हेंबर

मेदेर आज दुपारी चक्क घरी आला! हे कचेरीत. अताकेंसाठी मध आणला होता. पाय दुमडून बसला, गुडघ्यावर हात ठेवून, अगदी सोज्वळ. सरकारविरुद्ध ठराव मांडलाय, रविवारी चौकात सभा आहे. 'अताके, तुम्ही यायचं. जास्त काही नको. जे झालं तेवढंच सांगा. लोकांना बापाच्या तोंडून ऐकायचंय.'

मी किटली खाली ठेवली.

अताकेंनी सावकाश चहा संपवला. 'येईन,' म्हणाले.

वर त्याच्यासाठी दुआसुद्धा मागितली! मेदेरने केवढ्या भक्तीने हात पसरले! मला तो मध खिडकीतून फेकून द्यावासा वाटला.

२२ नोव्हेंबर

यांना सगळं सांगितलं. म्हटलं, थांबवा त्यांना. प्रकृतीचं कारण सांगा, गाडी देऊ नका, काहीही करा. सरकार पडलं तर पुढे काय होतं हे आपल्याला माहीत नाही का?

'माझ्या बापाला मी बंदी घालू? आधी मेला म्हणून सांगितलं, आता कोंडून ठेवू?'



२४ नोव्हेंबर, रविवार

मी गेले. डोक्याला रुमाल घट्ट गुंडाळून, गर्दीच्या कडेला उभी राहिले. थंडी मी म्हणत होती.

मेदेरने अताकेंना हाताला धरून वर नेलं. माइक खूप उंच होता, तो खाली करायला वेळ लागला. अताकेंनी टोपी नीट केली.

'मी जिवंत आहे,' म्हणाले. 'आधी एवढं बघून घ्या.'

लोक हसले.

'माझ्या मुलाने मोठी चूक केली. मी त्याच्यावर रागावलोय. त्याच्याशी बोलत नाही.' मेदेर मान डोलावत होता. 'पण हा राग माझा आहे. मी तो पोसलाय, माझ्या घरात ठेवलाय. हा मुलगा' — मेदेरच्या खांद्यावर हात ठेवला — 'माझा राग मागायला आला होता, मध घेऊन. बाबांनो, दिवे गेले म्हणून चिडलात तर जरूर चिडा, माझ्या खोलीतले पण जातात. पण त्यासाठी आपापला राग घेऊन या. माझा का नेता?'

एवढंच. उतरले. आधी कुणाला काही कळेना, मग कुठूनतरी हशा उठला आणि पसरत गेला. एक बाई ओरडली, 'अताके, मध कसा होता?' अताके म्हणाले, 'साखरेचा!'

मी घरी येईपर्यंत हसत होते.

२६ नोव्हेंबर

ठराव पडला! सरकार वाचलं. हे धावत घरी आले, दारातूनच, 'अताके!'

अताकेंनी हात वर करून थांबवलं. 'सूनबाई, याला सांग, चौकातलं चौकात. घरात मी अजून रागावलेलो आहे.'

आज तरी बोलतील असं वाटलं होतं. हे मोजे काढत बसले, खूप वेळ.

१२ डिसेंबर

अध्यक्षांचा हुकूम. सरकार बरखास्त. दोन ओळी. विजेचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायचंच होतं. यांना बातमी रेडिओवरून कळली.

गालिचे उघडलेच नव्हते, ते बरं झालं.

२० डिसेंबर

जुन्या फ्लॅटमध्ये परत. फोन मेल्यासारखा पडून आहे. मेंढ्या घेऊन येणारे, मुलांना चिकटवा म्हणणारे, सगळे गायब. जिल्हाप्रमुख नव्या माणसाला अभिनंदनाचा हार घालताना दिसला.

हे घरातले नळ दुरुस्त करतायत. सगळे. जे गळत नव्हते तेसुद्धा. अताके खुर्ची ओढून जवळ बसतात, बघत राहतात. बोलत नाहीत. आज यांचा पाना घरंगळला तर अताकेंनी तो पायाने हळूच यांच्याकडे सरकवला. मी स्वयंपाकघरातून पाहिलं.

९ जानेवारी

चौकशीला बोलावतात. आधी 'साक्षीदार' म्हणून, आता शब्द बदललाय. हे मंत्री असतानाचं टर्बाइन दुरुस्तीचं टेंडर. ती टर्बाइनं चालतायत, हे कुणी बघत नाही. मेदेर आता मंत्री आहे. खातं कुठलं? ऊर्जा!

यांचा कॉलेजचा मित्र काल जिना चढून आला, लिफ्ट टाळून. म्हणाला, गाडी तयार आहे, सीमा जवळ आहे, दोन-तीन वर्षं तिकडे काढ, वारं फिरेल. 'ओमोरझाक, शहाणा हो.'

हे म्हणाले, 'वडील बोलले नाहीत अजून. तसाच कसा जाऊ?'

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. इतका हुशार माणूस, आणि असं!

११ जानेवारी

आज मी मर्यादा सोडली. इतक्या वर्षांत सासऱ्यांपुढे आवाज चढवला नव्हता, आज चढवला. हे चौकशीला गेले होते.

'अताके, आता पुरे! बोलू नका हवं तर. नुसती दुआ द्या. तिच्यासाठी अडून बसलेत ते. दिलीत तर निघतील, वाचतील.'

अताके खिडकीपाशी होते. मग म्हणाले, 'मला का कळत नाही, सूनबाई? राग तर चौकातच संपला होता.'

'मग?'

'दुआ दिली की तो निघेल. माझं वय बघ. परत येईपर्यंत मी कुठला असणार?' टोपी काढून मांडीवर ठेवली. 'रागावलेलो आहे तोवर तो घरात आहे.'

मी जमिनीवरच बसले. त्यांचा हात धरला. सुनेने धरायचा नसतो, पण धरला. मग म्हणाले, 'उद्या देतो. परवा देतो. दोन दिवस अजून बघू दे त्याला.'

यांना सांगितलं नाही.

१३ जानेवारी

सकाळी चहा घेतानाच दोघे जण आले. सभ्य होते, बूट दाराबाहेर काढले. अटकेचा कागद दाखवला. हे म्हणाले, 'कोट घेतो.' मी गरम मोजे शोधत होते, सापडेनात.

अताके उठून दारात आडवे उभे राहिले. 'ओमोरझाक, माझ्या बाळा,' म्हणाले, आणि हात पसरले.

यांनी पसरले. मी पसरले. त्या दोघांनीही पसरले, एकाने कागद काखेत धरून. वडीलधाऱ्याची दुआ चालू असताना हात खाली घ्यायची कुणाची छाती आहे? अताकेंनी आरोग्य मागितलं, ताठ पाठ मागितली, चांगली सोबत मागितली. मग यांच्या आईचं नाव घेतलं, आजोबांचं, पणजोबांचं, एकेका पिढीचं, एकेका घोड्याचं. चहा निवला. त्या दोघांतल्या धाकट्याचे हात थरथरायला लागले.

अताके 'ओमीन' म्हणेनात.