डाव्या हाताचे ठोके

रविवार, संध्याकाळ

आज आयटी कंपनीतल्या सहा जणांना कसब्यात तांब्याचं काम दाखवायला नेलं. त्यात नागपूरहून नवीन आलेली मृणाल होती. तांबटकाकांनी गंमत म्हणून तिच्या हातात हातोडी दिली. आयुष्यात पहिल्यांदाच धरत होती, तरी हंड्यावर एकसारखे ठोके उमटायला लागले. तेही डाव्या हाताने! सकाळी नाव नोंदवताना तर तिने उजव्या हाताने लिहिलं होतं.

काका पांढरेफटक पडले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, हा ताल माझ्या धाकट्या भावाचा, दत्तूचा. डावखुरा होता. तो जाऊन नऊ वर्षं झाली."

योगायोग असेल, असं मी म्हणणार होते. पण तिचा डावा हात थांबेचना. तेवढ्यात माळ्यावरून काकांच्या म्हाताऱ्या आईची हाक आली, "दत्तू, पुरे आता. जेवायला ये."

मान वर न करता मृणाल म्हणाली, "आलो गं, आई."

आलो?

बाहेर पडल्यावर तिला विचारलं, तर हसली. "मी कुठे काय बोलली?"

आत्ता काकांचा फोन आला होता. आई ताट वाढून बसली आहे, दुपारपासून घास घेतलेला नाही. "त्या ताईंना घटकाभर पाठवता का?"

मी नाही म्हणाले. मृणालला विचारलंसुद्धा नाही. तिने हो म्हटलं असतं, याचीच भीती वाटली.