अंबाडी आणि अरुगुला

जळगाव, शनिवार, संध्याकाळ

पुण्याच्या मोठ्या जाऊबाई आल्या आहेत. काल मी केलेल्या अंबाडीच्या भाजीची वाटी त्यांनी एका बोटानं बाजूला सरकवली. वर सगळ्यांसमोर हसून म्हणाल्या, "अगं, हा तर गुरांचा चारा!"

आणि आज फर्मान, मला सॅलडसाठी अरुगुलाची भाजी आणून दे. का आणू? पण आणली. मॉलमध्ये निवडून निवडून घेतली. कोवळी, हिरवीगार, एकही पिवळं पान नाही. बारीक कातरलेल्या पानांची जात फार झणझणीत लागते म्हणे, म्हणून रुंद पानांची. हिच्यात कॅल्शियम भरपूर, असं जाऊबाई सांगतात. मग अंबाडीत काय माती असते? एका बोटानं सरकवली!

जिन्यात शेजारच्या मारवाडी काकू भेटल्या. पिशवीतलं एक पान चावून म्हणाल्या, "अगं, ही तर आमची तारामिरा! राजस्थानात आमच्या म्हशी खायच्या."

काकूंना तिथल्या तिथे उद्याचं जेवायचं आमंत्रण दिलं. जाऊबाईंच्या शेजारीच बसवणार आहे. फक्त जाऊबाईंची सॅलडची बशी रिकामी होईपर्यंत काही बोलू नका, एवढंच सांगितलंय.

मग बघते, ते बोट काय सरकवतं.