ताईचा गेमिंग कॉम्प्युटर

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. प्रोजेक्ट मोठा आहे, नोंदी लागतील. ताईसाठी गेमिंग कॉम्प्युटर बनवणार. तयार विकत घेणार नाही. एकेक पार्ट निवडून, स्वतःच्या हाताने जोडून.
ताई काल म्हणाली, "डावा डोळा तर गेलाच. उजवा आहे तोवर तो आपला गाड्यांचा खेळ एकदा मोठ्या पडद्यावर खेळायचाय."
लहानपणी कॉम्प्युटर क्लासचे सर बाहेर गेले की आम्ही दोघं एकाच कीबोर्डवर खेळायचो. तिच्याकडे स्टिअरिंग, माझ्याकडे ब्रेक. मी ब्रेक लावला की ती मारायची.
मुदत एक आठवडा. जरा जास्तच धरलीय.

५ फेब्रुवारी, गुरुवार
प्रोसेसर नक्की केला. दुपारी बदलला. नवा मदरबोर्डवर बसत नाही म्हणून संध्याकाळी पुन्हा पहिलाच. याला अभ्यास म्हणतात.
ऑफिसात मी पाण्याच्या मीटरच्या तक्रारी नोंदवतो. आज तक्रारी बाजूला ठेवून पार्ट्सच्या तुलनेचा तक्ता केला. साहेब मागे उभे राहून बघून गेले. प्रभावित झाले असावेत.
ताईने विचारलं, साधाच घेतला तर नाही का चालणार? समजावून सांगितलं की साध्यावर सावल्या नीट दिसत नाहीत. म्हणाली, "मला आता सगळीकडे सावल्याच दिसतात."
विनोदी आहे ताई.

११ फेब्रुवारी, बुधवार
मुदत वाढवली. मोठ्या कामात वाढवतातच.
मॉनिटरवर गाडं अडलंय. दुकानदाराने विचारलं, खेळणार कोण? म्हटलं, बहीण. "मग त्यांना कोणता नीट दिसतो ते विचारा ना. घेऊन या त्यांना." या माणसाला तांत्रिक ज्ञान शून्य. दुकान बदललं.
ताई छापखान्यात प्रूफं तपासते. हल्ली कागद नाकाला लावून वाचते. वाईट सवय. सांगितलं तिला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
कॉम्प्युटरचं कॅबिनेट आलं. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे. ताईने काचेवरून हात फिरवला. म्हणाली, "गार आहे." बस, एवढंच. तिला अजून कल्पना नाही.
पुढच्या मंगळवारी तिचं डोळ्यातलं इंजेक्शन. दर महिन्याला असतं. नंतर पट्टी बांधतात, म्हणून सोबत माणूस लागतो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, मी नेते. मी म्हटलं, छे, भाऊ असताना? रजा टाकली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९.३०
ग्राफिक्स कार्ड आजच येणार! त्याशिवाय गेमचं चित्र नाही. कुरिअरवाल्याचा मेसेज आला. घरी माणूस नसेल तर पार्सल परत. दुकानातला शेवटचा नग आहे.
१०.१५. हॉस्पिटलला फोन केला. रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंनी फाइलवर "तारीख चुकवू नये" असं लिहिलंय. सगळ्यांच्याच फाइलवर लिहीत असणार. पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. आठवड्याभराने काय बिघडतं?
वहिनी कामाला निघून गेल्या होत्या. नाहीतर त्यांना सांगितलं असतं.
ताई चपला घालून, मांडीवर फाइल घेऊन बसली होती. "चालेल रे," म्हणाली. चपला काढल्या आणि पायानेच चाचपून कोपऱ्यात सरकवल्या.
५.२०. कार्ड आलं नाही. उद्या येणार म्हणे. माझी रजा फुकट गेली. या कुरिअर कंपन्यांना माणसाच्या वेळेची किंमत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार
ताईने सकाळी हाक मारली. उजव्या डोळ्यात शाई सांडल्यासारखं झालंय म्हणाली. मी टॉर्च लावून बघितलं. मला शाई दिसली नाही. तरी टॅक्सी केली, नेलं. हलगर्जीपणा मला चालत नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत रक्तस्राव झालाय. मग फाइल बघून, "मंगळवारी का नाही आलात?"
ताई म्हणाली, "मीच कंटाळा केला."
त्या तिला खूप बोलल्या. ती मान खाली घालून ऐकत होती. मी मध्ये पडलो नाही. डॉक्टर बोलत असताना आपण मध्ये बोलू नये.
(कार्ड बुधवारीच आलंय. अप्रतिम.)

९ मार्च, सोमवार
पुढच्या महिन्यात ऑपरेशन करून बघू, पण फार आशा ठेवू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. स्वभावच निराशावादी आहे त्यांचा.
छापखान्याच्या मालकांनी ताईला सध्या घरीच थांबायला सांगितलं. तिची लाल पेनं आणि मोजपट्टी पिशवीतून पाठवली. एका अर्थी बरंच झालं, आता दिवसभर खेळायला मोकळी. तिला तसं म्हटलंसुद्धा. ती पेनांची टोपणं एकेक करून घट्ट बसवत होती. थांबली, मग पुन्हा बसवायला लागली.
दुपारी प्रोसेसर बसवला. तो तापू नये म्हणून लावायची थर्मल पेस्ट सगळीकडे सांडली. पुसून पुन्हा लावली, पुन्हा सांडली. पेस्टच खराब असावी.

१५ मार्च, रविवार. दुपारी १२.४०
झालं! सकाळी माझ्या खोलीत चालवून बघितला. गेम पळतोय. चालू केलं की गेम आपोआप उघडेल अशी सेटिंगही केली. आता सगळं उचलून ताईच्या खोलीत नेतो. तिच्या डोळ्यांचं वहिनी काहीही म्हणोत, एवढ्या मोठ्या आणि उजळ मॉनिटरवर दिसलंच पाहिजे.

४.००
ताईला खुर्चीत बसवलं, बोटं कीबोर्डवर ठेवून दिली. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. मी वायरी बांधायला टेबलाखाली शिरलो. वर इंजिनाचा आवाज सुरू झाला.
खालूनच ओरडलो, "दिसतंय का गं?"
"हो रे! रंग काय सुरेख आहेत! रस्ता अगदी खरा वाटतोय."
म्हटलं, सांगत नव्हतो? मॉनिटरवर उगाच नाही महिना घातला. सावल्या बघ म्हटलं. "बघतेय ना," म्हणाली, "झाडांच्यासुद्धा पडल्यात."
मी बाहेर आलो.
स्क्रीन काळी होती. पूर्ण काळी. मॉनिटरची वायर मी ग्राफिक्स कार्डात लावायची ती घाईत मदरबोर्डच्या खोबणीत लावली होती. चित्र आलंच नव्हतं.
ताई त्या काळ्या काचेकडे बघत हसत होती आणि बटणं दाबत होती. गाडी कशावर तरी आदळल्याचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा.
वायर बदलायला दोन सेकंद लागतात. मी तिथेच उभा राहिलो.
मी बाहेर आलोय हे तिला कळलं असावं. खुर्ची माझ्याकडे वळवली, पण तोंड जरा भलतीकडेच. उठली. खुर्चीची पाठ चाचपत मला तिच्या जागी बसवलं.
म्हणाली, "आता तू खेळ. मी बघते."
काळ्याच पडद्यावर खेळलो.