अक्कांची खोली आणि परतीचे डबे

जळगाव,
शुक्रवार, जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप अक्कांना,

पुष्पलताचा वाकून नमस्कार. (तुम्ही धुळ्यात, मी इथे, तेव्हा वाटेतल्या पारोळा-एरंडोलवाल्यांनाही थोडा पोचेल, पोचू दे.) गुडघा कसा आहे? न्हाणीघरात पाय घसरल्यापासून काठी हातात धरता, की ती अजून मांजर हाकलायलाच वापरता?

आज मेथी निवडताना एक संध्याकाळ आठवली. मी नवी सून, तुमच्या ओट्यावर बसलेली, अशीच मेथी निवडत. शेजारून शिऱ्याची वाटी आली होती. ती घासून, पुसून, चकचकीत करून मी परत द्यायला निघाले, तर तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत. "रिकामं भांडं कोनी परत धाडस का, पोरी?" घरात त्या दिवशी काहीच नव्हतं. तुम्ही डब्याच्या तळाशी चिकटलेला गुळाचा खडा उलथन्याने सोडवलात, वाटीत ठेवलात आणि म्हणालात, आता जा. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला पूर्ण वाक्यात आभार मानायला शिकवलं होतं. एक शब्दही न बोलता ते कसे मानतात, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

तर त्या शिकवणीने माझी जी दशा केली ती सांगायला हे पत्र. संक्रांतीला तुम्ही आलात तेव्हा तुमच्या बंधूंनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, विषय काढला, की आता एकटं राहणं पुरे, कायमच्या इकडे या. तुम्ही हो-नाही न म्हणता मागची खोली उघडलीत. (म्हणजे जेवढी उघडते तेवढी, दारामागे पिंप होतं.) आत डोकावून म्हणालात, "पुष्पे, तुना घरमा डबासले जागा शे, माणूसले नही," आणि संध्याकाळची बस धरलीत. बंधू त्या दिवशी जेवले नाहीत. मला खरं तर राग यायला हवा होता, पण तुम्ही खोटं काय बोललात? तेव्हाच ठरवलं, ती खोली तुमच्यासाठी रिकामी करायची. आणि जमलं तर थोडं तुमच्यासारखं राहायलाही शिकायचं.

तुमच्यासारखं म्हणजे काय, हे मला समजायला आयुष्य गेलं. तुमच्या फडताळात एक कढई, एक पातेलं, आणि बाकी नुसती मोकळी जागा. लग्न होऊन आले तेव्हा मी तिला गरिबी समजत असे. आता वाटतं, तुमच्या घरात हात घातला की वस्तू सापडते, आणि बसलं की माणूस सापडतं. नवं लुगडं आलं की जुनं त्याच दिवशी बाहेर. दुसऱ्याचं भांडं तुमच्या घरी रात्र काढत नाही. काम संपलं की हात पुसून दोन घटका ओट्यावर नुसतं बसायचं. मी विचारलं होतं, अक्का, बसून काय करता? तुम्ही म्हणालात, बसते. (हे मीही करून पाहिलं. झोप लागली, आणि दूध उतू गेलं.)

सुरुवात मी सुशिक्षित पद्धतीने केली. फोनवर एक बाई साधं राहणं शिकवतात. त्या म्हणाल्या, वर्षभर हात लागला नाही अशी प्रत्येक वस्तू घराबाहेर काढा. मी खोलीत गेले आणि सगळ्या वस्तूंना आधी एकदा हात लावून घेतला. त्यामुळे त्या दिवशी काही निघालं नाही. मग जुन्या साड्यांचं गाठोडं भांडीवालीला दिलं. साड्या गेल्या, आणि त्यांच्या बदल्यात एक पातेलं आलं, ज्यात मी स्वतः बसू शकेन. तुमचे बंधू पातेल्याकडे बघत म्हणाले, "अक्काला यातच झोपवायचं का?" मनातल्या मनात मीही तेच मोजमाप करत होते.

मग लक्षात आलं, निम्मे डबे आपले नव्हेतच! प्रत्येकावर नाव घातलेलं, शेवंताबाईचं, शेजारच्या मेहरुनच्या सासूचं, काही तर अशा माणसांचं जी आता नाहीत. म्हटलं, ज्याचं त्याला देऊन टाकू, खोली आपोआप रिकामी होईल. पण रिकामा डबा द्यायचा कसा? तुम्ही धुळ्यात असलात तरी तुमचा हात माझ्या मनगटावर असतोच. म्हणून शेव गाळली, मेथीचे लाडू वळले, ठेचा कुटला, आणि भरलेले डबे घेऊन गल्लीत फिरले. शेवंताबाईला इतकी लाज वाटली, की तिने माझे कितीतरी जुने डबे माळ्यावरून काढले आणि ज्वारीच्या बिबड्या भरून परत पाठवले. त्या बिबड्यांतल्या थोड्या मी मेहरुनला दिल्या. मेहरुनच्या घरून शीरखुर्मा आला, त्याच्यामागून माझी दोन पातेली आली, आणि त्यांच्यामागून तिची जाऊ एक बरणी घेऊन आली, जी आमच्या दोघींचीही नव्हती. गल्लीत डबे परत करायची साथच आली, अक्का. आठवड्याने मागच्या खोलीतली खाटसुद्धा दिसेनाशी झाली. मी दारात उभी राहून रडले. साधेपणाने इतकं सामान वाढतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मेहरुनने मला तसं बघितलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भाभी, डिब्बे बांटती क्यूं फिरती? लोगों को बुलाव ना!" एवढं साधं मला सुचलं नव्हतं. रविवारी मागच्या अंगणात वांगी भाजली, भरीत केलं, आणि सगळ्या डब्यांतलं सगळं मधोमध मांडलं. गल्ली जेवून गेली. मेहरुनच्या नवऱ्याने, जब्बारभाईंनी, (ते लोखंडी कपाटं बनवतात) आपल्या कारखान्यात एक कपाट मोकळं करून दिलं. माझे सगळे जादा डबे आणि ते अवाढव्य पातेलं आता तिथे आहे. गल्लीत ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यावं, आणून ठेवावं. पिंपसुद्धा गेलं. दार भिंतीला टेकेपर्यंत उघडतं.

आता खोलीत एक खाट, एक खिडकी आणि तुमच्या लुगड्यासाठी एक दोरी आहे. पहिल्या दिवशी आम्ही दोघं आत नुसते उभे होतो. आवाज घुमत होता. बंधूंनी "अक्का" म्हणून हाक मारून पाहिली आणि लगेच खोकल्याचं निमित्त केलं.

तुमच्याकडून शिकायचं अजून पुष्कळ राहिलं आहे. ते पत्राने जमत नाही.

तुमची,
पुष्पलता

ता. क. कारखान्यातल्या भांड्यांवर नाव माझंच आहे, त्यामुळे लोक ती परत द्यायला इथेच येतात. अर्थात रिकामी नाही. काल पातेलं आलं, तळाशी जिलेबी होती. मी ते ओट्यावरच ठेवलं आहे, खोलीत नाही. शपथ.

आणखी एक. हे पत्र घेऊन येणारा भाईदास बसवर कंडक्टर आहे, त्याच्याबरोबर एक डबा पाठवला आहे. त्यातले लाडू तुमच्या शेजारच्या कहकशाला द्या, तिने तुमच्या पडण्याची खबर आम्हाला दिली नसती तर तुम्ही कधीच दिली नसती. शेव भाईदासची, वाटेत त्याने आधीच खाल्ली नसेल तर. ठेचा कुणालाही द्या, पण तुम्ही खाऊ नका, डॉक्टरांनी सांगितलं आहे. तळाशी कागदात गुंडाळलेली किल्ली मागच्या खोलीची आहे, ती तुमची. तुमची कढई कहकशाला आवडते, ती तिला. मांजर तिच्याकडे राहायला तयार नसेल तर बरोबर आणा. डबा मात्र माझा आहे, नाव बघून घ्या. तो रिकामा पाठवायचा नाही हे मी तुम्हाला काय सांगावं! पण भरलेलाही कुणाच्या हाती पाठवू नका. गुळाचा एक खडा ठेवा, आणि स्वतः घेऊन या.